माइनक्राफ्ट रेडस्टोन: ४ बिटांच्या बेरजेत १+१ चं उत्तर ३ का येतंय?

डस्टवाला
जावा आवृत्ती, सपाट जग. रेडस्टोनने (गेममधली वीज) बेरीज करणारं सर्किट बांधलंय. शून्याव्या (सर्वात उजव्या) बिटाला हाफ अ‍ॅडर (दोन बिटांची बेरीज करणारा), पुढे तीन फुल अ‍ॅडर (मागचा हातचाही धरणारे). एक्सॉर (दोनपैकी एकच इनपुट चालू असेल तरच चालू) दोन कंपॅरेटरचा (मागच्या सिग्नलमधून बाजूचा वजा करणारा ठोकळा), दोन्ही वजाबाकी मोडवर: अ एकाच्या मागून आणि दुसऱ्याच्या बाजूने, ब त्याच्या उलट, दोन्हींचं आउटपुट एकत्र. अँड (दोन्ही इनपुट चालू असतील तरच चालू) तीन टॉर्चचा.
५+२ = ७ आणि ८+१ = ९ बरोबर येतात. पण १+१ ला ३ आणि ४+४ ला १२. हातचा व्यवस्थित पुढे जातो, फक्त त्या बिटाचा दिवा विझत नाही. लिव्हरपासून कंपॅरेटरपर्यंत अ ची तार ४ डस्ट (रेडस्टोनची भुकटी, हीच तार), ब ची ८. चूक कुठे?

हातचा_एक
चूक त्या ४ आणि ८ मध्येच आहे. डस्टमधून सिग्नल दर घराला १ ने उतरतो. लिव्हरशेजारची डस्ट १५, त्यामुळे चौथ्या डस्टवर १२ आणि आठव्यावर ८. कंपॅरेटरला चालू-बंद कळत नाही, तो खरीखुरी वजाबाकी करतो. १२ − ८ = ४, शून्य नाही. दिव्याला १ ताकदही पुरते, म्हणून तो पेटलेलाच राहतो. एकच लिव्हर चालू असताना वजा करायला काही नसतं, म्हणून ५+२ बरोबर येतं.

नियम असा: बाजूने येणारा सिग्नल मागून येणाऱ्यापेक्षा कमी पडता कामा नये. जास्त असला तरी हरकत नाही, उत्तर शून्याखाली जात नाही. म्हणून बाजूच्या दोन्ही वाटांवर, कंपॅरेटरला अगदी चिकटून, रिपीटर (सिग्नल पुन्हा १५ करणारा ठोकळा) लावा. तिथे कायम १५ मिळतील. पण नुसत्या बाजूलाच लावलात तर बाजूचा सिग्नल १ रेडस्टोन टिक (०.१ सेकंद) उशिरा पोचेल आणि दिवा क्षणभर चमकेल. मागेही एक रिपीटर द्या, सगळे १ टिकवर. म्हणजे एका एक्सॉरला ४ रिपीटर.

फुल अ‍ॅडरमधला दुसरा एक्सॉर विसरू नका. पहिल्या एक्सॉरचं उत्तर आणि मागून आलेला हातचा, दोन्हींना हाच नियम लागू. बहुतेकांचं सर्किट इथेच फसतं, कारण पहिला भाग सुधारल्यावर १+१ बरोबर येतं आणि ३+१ मात्र बिघडलेलंच राहतं.

डस्टवाला
दोन्ही एक्सॉरना रिपीटर लावले, १+१ आणि ३+१ बरोबर. आता अ = १५ ठेवून ब मध्ये १ टाकला की उत्तर १६ वर जाण्याआधी दिव्यांवर भलतेच आकडे दिसतात.

टिक_मोजा
ते आकडे १४, १२, ८ असेच असतील. हातचा एकेक बिट चालत जातो. तीन टॉर्चच्या अँडला २ टिक, त्याआधीच्या रिपीटरला १, म्हणजे प्रत्येक बिटाला ३. चार बिटांना १२ टिक, म्हणजे १.२ सेकंद. शिवाय दिवा लगेच पेटतो पण विझायला २ टिक घेतो, त्याने गोंधळ आणखी ठळक दिसतो.

उपाय म्हणजे उत्तर अडवून धरणं. चार बेरजेच्या आणि एक शेवटच्या हातच्याच्या तारेवर एकेक रिपीटर ठेवा, आणि प्रत्येकाच्या बाजूला त्याच्याकडे तोंड करून दुसरा. बाजूचा चालू असला की मुख्य रिपीटर लॉक होतो, आहे ते उत्तर धरून ठेवतो. लॉकच्या तारेच्या सुरुवातीला टॉर्चचा इन्व्हर्टर (सिग्नल उलटा करणारा) आणि त्याला दगडी बटण. बटण १० टिक चालू राहतं, तेवढ्यापुरतं लॉक उघडतं. लिव्हर बदलल्यावर दीड सेकंद थांबून बटण दाबा. लॉकची तार १५ घरांहून लांब झाली तर मध्ये रिपीटर हवाच.

हातचा कुठे अडतोय ते बघायचं असेल तर १.२०.३ पासून टिक फ्रीझ कमांड आहे. जग गोठवून टिक स्टेपने पुढे सरका. स्टेप गेम टिकमध्ये मोजली जाते, म्हणून २ दिले की एक रेडस्टोन टिक.

हातचा_एक
पाया पक्का झालाच आहे, तर वजाबाकीही करून टाका. शून्याव्या बिटाचा हाफ अ‍ॅडर काढून तिथे फुल अ‍ॅडर बसवा. ब च्या प्रत्येक तारेवर एक एक्सॉर, त्याचा दुसरा इनपुट एकाच ‘वजा’ लिव्हरचा, आणि तीच तार शून्याव्या बिटाला हातचा म्हणून. ५ − ३ करताना ३ चे बिट उलटून ०१०१ + ११०० + १ = १००१०, शेवटचा हातचा सोडला की २. तो हातचा आला नाही तर उत्तर ऋण आहे: ३ − ५ ला दिव्यांवर १११० दिसेल, म्हणजे −२. ‘वजा’ची तार पाच ठिकाणी जाते, तेव्हा प्रत्येक फाट्यावर रिपीटर. शेजारच्या बिटांच्या डस्टमध्ये एक घर मोकळं सोडा, नाहीतर त्या आपोआप जुळतात.