जुनी डर्ट बाईक (रानात, कच्च्या वाटेवर फिरवायची गाडी) घेऊन घरच्यांसाठी तयार केलीये का कुणी? अनुभव लिहा

धूळफेक्या:
मंडळी, मागच्या दिवाळीत मी २०१२ ची हिरो इम्पल्स घेतली. वाईजवळ काकांचं पडीक रान आहे, तिथे बायको, पुतण्या आणि मी आलटून पालटून फिरवावी एवढाच बेत होता. गाडी पडली ३८ हजाराला आणि वर एकोणीस हजार गेले, ते कसे ते सांगतो म्हणजे तुम्ही पण लाजू नका.

बघायला गेलो तर गाडी चकाचक, एका किकमध्ये चालू. सायलेन्सरला पाय लागून चटका बसला, मी आपला पाय चोळत बसलो, पण इंजिन आधीच गरम करून ठेवलंय याचा अर्थ घरी येताना सिग्नलला उभा असताना कळला. दुसऱ्या दिवशी थंड गाडीला बावीस किका. कार्बोरेटर उघडला तर पायलट जेट (मंद रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बुजलेलं, ते किरकोळ. खरी गोम मागे होती, चाक उचलून स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आडवा हलवला तर खडखड, त्याच्या सांध्यातले बुश पार गेलेले. पुढच्या फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांची) ऑइल सील गळत होती ती मालकाने नुसती पुसून दिलेली. इंजिनाचं टेन्शन नाही, १४९.२ सीसी, हिरोच्याच हंक गाडीच्या घराण्यातलं, मेकॅनिक लोकांच्या हातातलं आहे. पण मॉडेल कधीच बंद झालंय त्यामुळे साइड पॅनलसाठी पुण्यात नाना पेठेत तीन शनिवार घातले आणि शेवटी एकच मिळालं, तेही लाल. आमची गाडी काळी आहे.

एवढं करून बायको बसली तर दोन्ही पायांचे फक्त अंगठे टेकतायत! कुणी काय उपाय केलाय?

कोल्हापुरी_पाना:
सीटवाल्याकडं न्या की, फोम कापून दीड-दोन इंच सहज खाली येतंय. सस्पेन्शनला हात लावू नका त्यासाठी. बुश बाजारात मिळाला नाही तर लेथवर करून घ्या, आमच्याकडं उद्यमनगरात नमुना दिला की संध्याकाळी हातात. आणि स्पोकवर पाना वाजवत जा, टण्ण वाजला तर घट्ट, थड् वाजला तर ढिला. एवढं बघायला काय पैसे पडत नाहीत.

बे_एरियातला_बाबा:
आमची केस उलटी, गाडी मुलीसाठी, वय वर्षं सहा. होंडा सीआरएफ ५० एफ, ४९ सीसी, तीन गिअर, क्लच नाही, सीट इतकी खाली की माझा गुडघा हनुवटीला लागतो (हो, मी बसलो, गराजचं दार लावून). आधीच्या मालकाच्या गराजमध्ये दोन वर्षं तशीच उभी, टाकीत तेच पेट्रोल, वास अगदी जुन्या व्हार्निशसारखा. टाकी आणि कार्बोरेटर साफ केला, प्लग आणि ऑइल बदललं, झालं. थ्रॉटलला एक स्क्रू असतो, तो आत घेतला की मूठ कितीही पिळली तरी ठरावीकच रेस मिळते, नवीन मुलांसाठी हा स्क्रू म्हणजे वरदान आहे. कॅलिफोर्नियात असाल तर मालकाकडून पिंक स्लिप (गाडीच्या मालकीचा कागद) घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, मी तिथेच फसलो आणि हॉलिस्टर हिल्सला (इथलं डर्ट बाईक फिरवायचं रान) जायचं महिनाभर लांबलं, कारण ग्रीन स्टिकर, म्हणजे अशा गाडीची नोंदणी, नाही. हेल्मेट मात्र जुनं घ्यायचं नाही, ते आधी कुठे आपटलंय ते बाहेरून दिसत नाही.

नाशिकची_आई:
मी एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले. नवऱ्याने सेकंडहँड एक्सपल्स २०० आणली स्वतःसाठी आणि कंबर धरली त्याची, मग गाडी माझी. गाडी दुसऱ्या जिल्ह्याच्या पासिंगची आणि वर लोन, म्हणजे आधी बँकेची एनओसी (ना हरकत) आणि लोन उतरवायचा फॉर्म ३५, मग आरटीओची एनओसी, मग नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, गाडी शिकायला लागले नाहीत तेवढे दिवस कागदांना लागले. कागद पूर्ण होईपर्यंत सगळे पैसे देऊ नका हो.

मुलगा पंधराचा. शेतात शिकवलं, छान चालवतो, माझ्यापेक्षा छान. एक दिवस दूध आणायला म्हणून परस्पर डांबरी रस्त्यावर घेऊन गेला. काही झालं नाही, पण अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते हे मी त्याला वाचून दाखवलं, तर म्हणतो आई मग तू आत असताना डबा कोण आणणार, मी तर गाडी चालवू शकत नाही. चावी आता पिठाच्या डब्यात असते.

सड्यावरचा:
एकच विनंती. पावसाळ्यात सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, गाडी नेऊ नका. कातळावर माती बोटभर असते, त्यातच सगळी फुलं, टायरची चाकोरी पुढच्या वर्षीही दिसते. आपल्याच रानात फिरा.

धूळफेक्या:
@कोल्हापुरी_पाना सीट कापून आणली, टाचा टेकल्या नाहीत पण चवडे टेकले, तेवढं पुरे म्हणाली. रविवारी बांधावरून पडली, क्लच लिव्हर मोडला, ढोपराला गार्ड होता म्हणून निभावलं. उठून पहिलं काय विचारलं तर लिव्हर केवढ्याला येतो. आता दोन जादा घेऊन ठेवलेत. काळं पॅनल कुणाकडे पडलं असेल तर सांगा, डाव्या बाजूचं.