शब्दचर्चा : बायबलमधला ‘कारभारी’

प्रश्न (नाशिकरोड) : सर्वांना सलाम. रविवारच्या वर्गासाठी १ पेत्र ४:१० वर, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातल्या वचनावर टिपण लिहितोय. तिथं आपल्याला देवाच्या कृपेचे ‘कारभारी’ म्हटलंय. मुलांना कारभारी म्हणजे नवरा, नाहीतर गावातला पुढारी वाटतो. ‘व्यवस्थापक’ लिहू का?

उत्तर (निफाड) : दादा, सलाम. ‘कारभारी’च ठेवा. आज आपण ‘काय कारभारी, कुठं निघालात?’ असं घरच्या धन्यालाच म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. पूर्वी कारभारी आणि धनी वेगळे असत. नाना फडणवीस पेशव्यांचे कारभारी होते. शब्द त्यांचा चाले, पण दौलत त्यांची नव्हती.

आपल्या शिवारातल्या शब्दांशी ताडून पाहा. सालदार सांगितलेलं काम करतो. वाटेकऱ्याचा पिकात हिस्सा असतो. कारभाऱ्याला मात्र निर्णयाची मोकळीक असते आणि मालकी काडीचीही नसते. पेत्राला हेच म्हणायचंय. मूळ ग्रीक शब्द ‘ओइकोनोमोस’, त्यात ‘ओइकोस’ म्हणजे घर. धन्याचं घर चालवणारा माणूस, बहुतेकदा त्याच घरचा दास.

आता लूकचं शुभवर्तमान, १२:४२ उघडा. विश्वासू कारभाऱ्याचं काम काय सांगितलंय? घरच्या माणसांना वेळेवर शिधा देणं. कोठार भरलेलं आहे आणि माणसं उपाशी आहेत, तर तो कारभारी नापास. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, हा शब्द दशांशापुरता, कमाईचा दहावा हिस्सा देण्यापुरता आटलाय, याचं मला मनापासून दुःख होतं. पेत्र त्या वचनाच्या मागेपुढे पैशाचं नावही घेत नाही. आधीच्या ओळीत कुरकुर न करता पाहुणचार करा म्हणतो, पुढच्या ओळीत बोलणं आणि सेवा. म्हणजे छाटणीच्या घाईत दारात पाहुणा आला आणि कपाळावर आठी पडली, तर कारभार तिथंच चुकला. माझा वेळ, माझी चूल, माझी जीभ. यातला ‘माझा’ कोणाचा, एवढं रोज विचारावं.

‘व्यवस्थापक’ म्हटलं की पगार आणि कचेरी डोळ्यांपुढे येते. हिशेब द्यायची धास्ती त्यात उरत नाही.

प्रश्नकर्ता : मग लूक १६ मधला अन्यायी कारभारी? त्यानं तर धन्याच्या देणेकऱ्यांचं देणं परस्पर कमी केलं. तेलाच्या शंभराचे पन्नास, गव्हाच्या शंभराचे ऐंशी.

उत्तर (निफाड) : धन्यानं वाहवा केली ती त्याच्या हुशारीची. येशू त्याला ‘अन्यायी’च म्हणतो. हिशेब मागितल्यावर तो जागा झाला आणि हातात अधिकार आहे तोवर हालला, एवढंच तिथून घ्यावं. मुलांना हा दृष्टांत आधी देऊ नका, लूक १२ पासून सुरुवात करा.

आणखी एक (शरणपूर रोड) : महिला सभेत काय म्हणावं? ‘कारभारीण’ गावात कारभाऱ्याच्या बायकोलाच म्हणतात.

उत्तर (निफाड) : ताई, बिनधास्त ‘कारभारीण’ म्हणा. पिठाच्या डब्याचा तळ कधी लागणार हे तिलाच ठाऊक असतं, आणि कोणाच्या ताटात किती पडलं हेही. वेळेवर शिधा देणं हे लूकचं वर्णन तिला कोणापेक्षाही जास्त लागू पडतं. फक्त नवऱ्याच्या नात्यानं नव्हे, देवानं नेमलेली म्हणून, हे सभेत एकदा स्पष्ट सांगा.