मदत हवी आहे: ब्रॅडफर्डच्या शाळेत मुलांना १८९७ चा प्लेग शिकवतेय, मुलं बोलतच नाहीत

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

मी लीड्सला पीएचडी करतेय, विषय मुंबई-पुण्यातली प्लेगची साथ आणि तेव्हाचा सरकारी बंदोबस्त. या टर्मपासून 'द ब्रिलियंट क्लब' या चॅरिटीतर्फे ब्रॅडफर्डच्या एका सरकारी शाळेत ट्यूटर म्हणून जाते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, २०११ साली दोन शाळाशिक्षकांनी ही संस्था सुरू केली, पीएचडी करणाऱ्या किंवा झालेल्या लोकांना ट्रेनिंग आणि मानधन देऊन शाळांमध्ये पाठवतात, मुलांचे छोटे गट, विषय ट्यूटरच्या स्वतःच्या संशोधनातला आणि पद्धत युनिव्हर्सिटीच्या ट्युटोरियलसारखी. शेवटी मुलांनी एक मोठा निबंध लिहायचा, तो आपण तपासायचा आणि ग्रेडही युनिव्हर्सिटीसारखीच द्यायची, वरून खाली फर्स्ट, टू-वन, टू-टू, थर्ड. मुलं निवडताना फ्री स्कूल मील (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना शाळेत मोफत जेवण) मिळतं का, वस्ती कुठली, आईवडिलांपैकी कोणी युनिव्हर्सिटीत गेलंय का हे बघतात.

माझ्या गटात इयर नाइनची सहा मुलं आहेत, म्हणजे तेरा-चौदा वर्षांची. कोणाचे वडील टॅक्सी चालवतात, कोणाची आई केअर होममध्ये रात्रपाळी करते. मी स्वतः परभणी जिल्ह्यातल्या जि.प. शाळेत शिकले, घरातली पहिली ग्रॅज्युएट, राजर्षी शाहू शिष्यवृत्ती मिळाली म्हणून इथे आले, त्यामुळे हे काम मला फार जवळचं आहे आणि ते नीट व्हावं असं मनापासून वाटतं.

अडचण अशी की मुलं बोलत नाहीत. प्रश्न विचारला की सगळी हँडबुकात डोकं घालतात, आणि येत नाही म्हणून गप्प असतात असंही नाही. गेल्या तासाला पुण्यातल्या घरझडतीचा उतारा वाचला, सोजीर घरात शिरायचे, आजारी माणसं शोधून काढून प्लेगच्या दवाखान्यात आणि घरातल्या बाकीच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात, म्हणजे वेगळं ठेवायच्या छावणीत न्यायचे, सामान जाळायचे वगैरे. मग विचारलं की लोक आजार का लपवत असतील, तर चिडीचूप. तास संपल्यावर पुस्तिका गोळा केल्या तर एका मुलाने, जो अख्खा तास हाताने पान झाकून बसला होता, समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, "डॉक्टरऐवजी सोल्जर आला तर दार कोण उघडेल?" अहो, माझ्या थीसिसच्या एका अख्ख्या चॅप्टरचा मुद्दा आहे हा! आणि तो त्याने मोठ्याने म्हटला नाही.

दुसरं म्हणजे रँडचा, म्हणजे पुण्यातल्या प्लेग बंदोबस्ताच्या इंग्रज प्रमुखाचा खून पुढच्या तासाला येतोय. गटात पाकिस्तानी घरांतली मुलं आहेत, एक पोलिश आहे, दोघं गोरे इंग्लिश. इंग्रज वाईट आणि आपण चांगले असा तास मला करायचा नाहीये, पण जे झालं ते सौम्य करूनही सांगायचं नाहीये.

तिसरं, निबंध. पहिला परिच्छेद लिहून आणायला सांगितला तर बहुतेकांनी विकिपीडिया उतरवला.

आणि चौथं, एका मुलीने दारात थांबून विचारलं, "मिस, पैसे नसतील तर जाताच येत नाही ना?" आमच्या घरी व्याजाचं कर्ज घेत नाहीत असंही म्हणाली. माझी फी शिष्यवृत्तीने भरली, त्यामुळे इथल्या लोनचं मला आतून माहीत नाही आणि अर्धवट काहीतरी सांगायचं नव्हतं, पुढच्या वेळी सांगते म्हटलं.

शाळेत शिकवणारे, इथे मुलं वाढवलेले, ट्यूटर म्हणून काम केलेले, कोणीही असाल तर प्लीज लिहा.

खडूफळा

ताई, मी नांदेडकडे जि.प. शाळेवर आहे. तुमची ब्रॅडफर्डची मुलं आणि माझी सातवीची मुलं यात मला तरी काही फरक दिसत नाही. "कोणाला काही प्रश्न?" हे विचारणंच बंद करा, त्याचं उत्तर जगात सगळीकडे शांतता हेच असतं. त्याऐवजी फळ्यावर एक मुद्दाम एकांगी वाक्य लिहा, समजा "लोक अडाणी होते म्हणून त्यांनी प्लेग लपवला", आणि म्हणा की हे खोडून काढा. पोरांना उत्तर द्यायची भीती वाटते, पण मोठ्या माणसाचं वाक्य खोडायला फार आवडतं. आधी दोन मिनिटं प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, मग शेजारच्याला वाचून दाखवायचं, मग शेजाऱ्याने त्याचं म्हणणं गटाला सांगायचं. दुसऱ्याचं मत सांगताना कोणी लाजत नाही. आणि प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा, आपल्याला शांतता सहन होत नाही म्हणून आपणच उत्तर देऊन टाकतो आणि मुलांना कळून चुकतं की थांबलं की मॅडम सांगतात.

त्या समासातल्या वाक्याचं काय केलंत? त्या मुलाला विचारून, नाव न घेता, पुढचा तास त्याच वाक्याने सुरू करा.

रानवाट

विषय भारी निवडलाय. रँडवर थेट जाऊ नका एवढंच सुचवेन, मुंबईपासून सुरुवात करा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ताप आणि गाठींचे पेशंट बघून हा प्लेग आहे असं ठामपणे सांगणारे डॉ. अकासिओ व्हिएगस मूळ गोव्याचे. म्हणजे पहिल्या पानावरच एक देशी डॉक्टर येतो आणि 'इंग्रजांचं विज्ञान विरुद्ध हिंदी लोकांची अंधश्रद्धा' हे चित्र आपोआप मोडतं. मग हाफकिन, तो ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ, प्लेगची लस मुंबईतच तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग पुणे, सावित्रीबाई. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला गेल्या. त्याच शहरात त्याच महिन्यात सोजिरांच्या झडत्या सुरू झाल्या. रोगी उचलून दवाखान्यात दोघंही नेत होते, फरक कशात होता हा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलालाही कळतो.

यानंतर २२ जून १८९७, गणेशखिंड रस्ता, राणीच्या ज्युबिलीची रात्र. आता मुलांना दोन कागद द्या, एक सरकारी बाजूचा, एक लोकांच्या तक्रारीचा. खून बरोबर की चूक हे विचारूच नका. हा कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि यात कोणाचा आवाज नाही, एवढंच विचारा. इतिहासाचा अभ्यास म्हणजे तेच तर आहे, आणि बाजू घ्यायचा प्रसंगच येत नाही.

अजून एक, मुलकोवालची घटना घ्याच. १९०२ मध्ये पंजाबातल्या त्या गावात लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली, खापर हाफकिनच्या प्रयोगशाळेवर फुटलं, त्याला कामावरून दूर केलं गेलं, पुढे निष्पन्न झालं की दोष त्या एका बाटलीत गावातच, ती उघडताना शिरला असणार, कारण मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाला. चिमट्याचं आधी सांगू नका, पुरावे एकेक करून द्या आणि मुलांना शोधू द्या. गप्प बसणारा गट इथे बोलतो की नाही बघा.

तिरकी रेघ

विरोधासाठी विरोध नाही, पण एक विचारायचंय. शाळा सहा मुलं निवडते, वर्गातली उरलेली चोवीस काय करतात? आणि जी निवडली ती आधीच जरा पुढची असणार, मग ती युनिव्हर्सिटीत गेली तर श्रेय कार्यक्रमाचं कसं? शाळांचे पैसे कापायचे आणि मग चॅरिटीने सहाजणांना फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट द्यायचं, मला हे पटत नाही.

शेफील्डवासी

@तिरकी रेघ, प्रश्न योग्य आहे. म्हणूनच युकासकडून, म्हणजे जिथून सगळे अर्ज जातात तिथून, तशाच पार्श्वभूमीच्या आणि तसेच मार्क असलेल्या इतर मुलांशी तुलना करून घेतलीय, त्यात ही मुलं चुरशीच्या युनिव्हर्सिटीत जास्त प्रमाणात पोचतात असं निघालं. उरलेल्या चोवीसांचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मलाही मान्य. पण मी ट्यूटर होतो तेव्हा गटात सगळीच हुशार म्हणून नावाजलेली नव्हती, दोघांना तर शाळेत 'डिस्टर्ब करणारे' म्हणून ओळखायचे.

गोदाकाठची, निबंधाबद्दल. घरी लिहायला देऊच नका, निदान पहिला परिच्छेद तरी. माझा विषय मटेरियल सायन्स होता तरी हीच गोष्ट व्हायची. त्यांच्याच चिठ्ठीतलं वाक्य घ्यायचं, त्याला 'कारण' जोडायचं, मग 'हे मला इथे दिसतं' म्हणून उताऱ्यातली एक ओळ, मग 'पण असंही म्हणता येईल की'. वर्गात बसून चार ओळी. मुलं उतरवतात ती आळसाने नाही, निबंधाची भाषा आपली नाही असं त्यांना वाटतं म्हणून. स्वतःचं वाक्य निबंधात चालतं हे एकदा दिसलं की विकिपीडिया सुटतो. आता चॅटजीपीटीचंही तेच.

ग्रेड देताना दया दाखवू नका. टू-टू असेल तर टू-टूच द्या, पण सोबत नेमकं लिहा की तिसऱ्या पानावरचं हे वाक्य फर्स्टचं आहे आणि का आहे. मुलांना खोटं कौतुक लगेच ओळखता येतं. निबंध परत देताना एकेकट्याशी बोलायला वेळ मिळतो, तो तास मला सगळ्यात मोलाचा वाटायचा.

जाता जाता, व्हिसा. स्टुडंट व्हिसावर आठवड्याला २० तास, सोमवार ते रविवार, आणि डिपार्टमेंटला सेमिनार घेत असाल तर ते तासही त्यातच धरायचे. पीएचडीवाल्यांना अंडरग्रॅडसारखी उन्हाळ्याची सुट्टी धरता येत नाही. एखाद्या पालकाने खासगी शिकवणीचं विचारलं तर सरळ नाही म्हणा, स्वयंरोजगार चालत नाही.

लेस्टरकर

मी सिक्स्थ फॉर्म कॉलेजात (आपल्या अकरावी-बारावीसारखं) मुलांचे युनिव्हर्सिटीचे अर्ज बघते, त्यामुळे चौथ्या प्रश्नाचं मी लिहिते. त्या मुलीला आकड्यांत सांगा, नुसता धीर देऊन भागत नाही. इंग्लंडमधल्या मुलांना वर्षाची फी २०२५-२६ साठी ९,५३५ पौंडांपर्यंत आहे आणि फी भरायला घरातून एक पेनी काढावी लागत नाही, लोनचे पैसे थेट युनिव्हर्सिटीला जातात. राहण्याखाण्याचं लोन वेगळं, घरचं उत्पन्न जितकं कमी तितकं ते जास्त मिळतं. परतफेड पगार वर्षाला २५,००० च्या वर गेला तरच सुरू होते, आणि तीही वरच्या रकमेच्या ९ टक्के. म्हणजे ३०,००० पगार असेल तर वर्षाला ४५० पौंड, महिन्याला साधारण ३७. नोकरी गेली तर हप्ता थांबतो, ४० वर्षांनी उरलेलं माफ. आपल्याकडच्या एज्युकेशन लोनसारखं तारण नाही, जामीनदार नाही, वडिलांच्या दारात बँकेचा माणूस येत नाही.

व्याजाचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला 'काही होत नाही गं' म्हणून उडवून लावू नका. या लोनला व्याज आहे आणि काही मुस्लिम कुटुंबं ते घेत नाहीत. व्याजाशिवायच्या पर्यायाची चर्चा सरकार २०१४ पासून करतंय, २०१७ च्या कायद्यात तशी तरतूदही झाली, पण मुलांच्या हातात अजून काही पडलेलं नाही. तिला हे खरं खरं सांगा, सोबत बर्सरी (परत न करायची आर्थिक मदत) आणि डिग्री अप्रेंटिसशिपचंही सांगा, अप्रेंटिसशिपमध्ये नोकरी करता करता डिग्री होते, फी लागत नाही, पगार मिळतो. ती आत्ता इयर नाइनला आहे, हातात वर्षं आहेत.

अजून एक जे घरी कोणी सांगत नाही. बऱ्याच युनिव्हर्सिट्या अशा मुलांना कमी ग्रेडवर ऑफर देतात. तुमच्या लीड्सचीच 'ॲक्सेस टू लीड्स' योजना आहे, त्यात सहसा दोन ग्रेड कमी असतात. मुलीच्या शाळेतल्या करिअर टीचरना आधी विचारा आणि त्यांच्यासमोरच बोला, घरच्या पैशांचा विषय आहे, शाळेला माहीत असलेलं बरं.

खडूफळा

@लेस्टरकर, हे वाचून वाटलं की आपल्याकडे अशी माहिती आठवी-नववीत कोण देतं? राजू केंद्रेंची एकलव्य पहिल्या पिढीच्या मुलांसाठी काम करते, पण ती मुलं बहुतेक कॉलेजात पोचलेली असतात. जि.प. शाळेत पीएचडीवाला फक्त प्रमुख पाहुणा म्हणून येतो, भाषण करतो, जातो. तुमच्यासारखं आठवड्यामागून आठवडा सहा पोरांसमोर बसायला इथल्या विद्यापीठांनी कोणाला पाठवलं तर मी वर्ग उघडून देतो.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. कालचा तास झाला, म्हणून लिहिते. त्या मुलाला आधी कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, तो म्हणाला चालेल पण माझं नाव नको. फळ्यावर त्याचं वाक्य लिहिलं, खाली खडूफळा सरांचं "लोक अडाणी होते" वालं, आणि चिठ्ठ्या दिल्या. पोलिश मुलगी म्हणाली, तिच्या आजीकडून ऐकलंय की सैनिक दारात आले की आधी मुलांना लपवायचे, तिथून जी गाडी सुटली ती थांबेना. घंटा झाली तेव्हा तो मुलगा स्वतःच म्हणाला की ते वाक्य माझं होतं.

@रानवाट, रँडचा तास एक आठवडा पुढे ढकललाय आणि मध्ये मुलकोवाल घेतेय, चिमटा शेवटच्या कागदात. सावित्रीबाई घेणारच, त्या माझ्या हँडबुकात नव्हत्या कारण माझा थीसिस सरकारी कागदांवर आहे, पण मुलांसाठी तुलना तीच हवी.

@लेस्टरकर ताई, शाळेतल्या टीचरशी बोलले, त्या आणि मी मिळून त्या मुलीशी बोलणार आहोत, तुमचा ४५० पौंडांचा हिशोब तसाच कागदावर लिहून नेतेय. डिग्री अप्रेंटिसशिपबद्दल टीचरच म्हणाल्या की पालक-भेटीला सगळ्यांनाच सांगूया.

@तिरकी रेघ, उरलेल्या मुलांचं माझ्याही डोक्यात आहे. मुलकोवालचे कागद शाळेच्या इतिहासाच्या टीचरना देऊन ठेवते, त्यांना पूर्ण वर्गावर वापरता येतील.

आता एकच मागणं उरलंय. १८९७ च्या केसरीतल्या प्लेगविषयीच्या मजकुराचं मुलांना वाचता येईल असं सोपं इंग्रजी मला करायचंय, एखाद-दोन परिच्छेद पुरेत. मी कच्चं केलंय, पण तेव्हाचं मराठी आणि तेरा वर्षांच्या मुलाचं इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या कोणीतरी नजर टाकावी असं वाटतं. तयार असाल तर व्यनि करा, मी दोन्ही मजकूर पाठवते.