स्वयंसेवकाची सोबत: आरोग्याचं काम की नुसतं समाधान?

उंबरठा

घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे ठरलेल्या दिवशी जायचं, तास-दीड तास बसायचं, बोलायचं, जमलं तर सोबत थोडं चालून यायचं, हे काम मी काही वर्षांपासून करते आहे. या कामाचं कौतुक सगळे करतात, पण फावल्या वेळातलं पुण्यकर्म म्हणून. मला ते पटत नाही. हे आरोग्याचं काम आहे आणि ते तितक्याच शिस्तीने व्हायला हवं. माणसं पारखून घ्यावीत, त्यांना शिकवावं, वेळ ठरलेली असावी, आणि काही खटकलं तर कुणाला सांगायचं हेही ठरलेलं असावं. एवढं जमत नसेल तर उपक्रम सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आरोग्याचं काम का म्हणते? २०१० साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलिआन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात तीन लाखांहून जास्त माणसं होती. ज्यांचे माणसांशी संबंध भक्कम होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यात एकटं पडणं आहे आणि कमी ऐकू येणंही आहे.

पण मला आकड्यांपेक्षा रोजचं दिसतं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. एकटं माणूस एका दिवसात आजारी पडत नाही. वय वाढलं की तहानेची जाणीव मंदावते, आणि समोर कुणी नसलं की पाणी प्यायचं राहूनच जातं. उठून जायचं कुठे, म्हणून चालणं कमी होतं. चालणं कमी झालं की पायांतली ताकद जाते, मग पडण्याची भीती बसते आणि त्या भीतीने चालणं आणखी कमी होतं.

मी ज्यांच्याकडे जाते त्यांच्यातल्या एक आजी फोनवर नेहमी ‘सगळं ठीक आहे’ म्हणायच्या. त्यांच्याकडे गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आहे. एका शुक्रवारी ती टेबलावर उघडी होती. मंगळवारचा कप्पा पूर्ण भरलेला, बुधवारचा रिकामा, गुरुवारच्या कप्प्यात रात्रीच्या गोळ्या तशाच. आणि शनिवारचा कप्पा रिकामा, जो अजून उजाडलाही नव्हता. हळूहळू विचारल्यावर कळलं की झाकणावरची वारांची अक्षरं त्यांना दिसेनाशी झाली होती. फोनवर हे कुणाला कळलं असतं?

तुमची मतं हवी आहेत, विरोधी असली तरी.

रोखठोक

कळकळ पोचली, पण तर्कात मोठी उडी आहे. २०१० चा तो अभ्यास सांगतो की ज्यांना जिवाभावाची माणसं आहेत ती जास्त जगतात. आठवड्यातून एकदा येणाऱ्या परक्या माणसामुळे आयुष्य वाढतं, हे त्यातून कसं निघतं? शिवाय कारण आणि परिणाम उलटेही असू शकतात. ज्याची तब्येत आधीच ढासळली आहे तो घराबाहेर पडत नाही, म्हणून एकटा पडतो.

नेमक्या अशा सोबतीच्या उपक्रमांचा आढावा त्याच वर्षी ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्रीमध्ये आला होता. नैराश्याच्या लक्षणांवर परिणाम दिसला, पण माफक.

आणि माझी खरी हरकत याच्या पुढची आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये एकाकीपणासाठी मंत्री नेमला, त्याची जगभर वाहवा झाली. पण त्याआधीची काही वर्षं तिथल्या स्थानिक संस्थांच्या वृद्धसेवेवरच्या खर्चाला कात्री लागत होती. ज्या वृद्धाला अंघोळीला मदत लागते, जिना उतरता येत नाही, त्याला पगारी प्रशिक्षित मदतनीस हवा. त्याच्या जागी आपण हसतमुख स्वयंसेवक पाठवतो आणि कर्तव्य झालं असं समजतो. तुम्ही या कामाला ‘आरोग्याचं काम’ म्हणालात की खर्च टाळणाऱ्यांच्या हाती आयतंच कोलीत मिळतं.

उंबरठा

@रोखठोक, माफक परिणाम मला मान्य आहे. पण त्या आढाव्यात निरनिराळ्या प्रकारचे उपक्रम एकत्र घेतले होते. नीट आखलेला एक प्रयोग सांगते. २०२० मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये २४० जणांवर झाला. निम्म्याहून जास्त एकटे राहणारे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला चार आठवडे फोन केले गेले, दुसऱ्याला नाही. फोन करणारी मुलं १७ ते २३ वर्षांची होती. डॉक्टर नव्हेत, समुपदेशकही नव्हेत. त्यांना फक्त मन लावून ऐकायला आणि समोरच्याच्या आवडीच्या विषयावर बोलायला शिकवलं होतं. पहिले काही दिवस रोज फोन, पुढे किती वेळा करायचा हे त्या त्या माणसाने ठरवायचं. एकाकीपणा कमी झाला, नैराश्य आणि चिंताही कमी झाली. इथे कारण-परिणामाची अदलाबदल होऊ शकत नाही.

खर्च टाळण्याबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे. अंघोळ घालणं, जखमेची पट्टी बदलणं हे स्वयंसेवकाने करूच नये. पण पगारी मदतनीसाला एका घरी मोजका वेळ मिळतो. तो काम उरकून पुढच्या घरी जातो. बसायला त्याला कोण वेळ देतं?

दिवेलागण

मी दुसऱ्या बाजूने लिहितोय. माझी आई एकटी राहते, मी लांब असतो. एका संस्थेतर्फे तिच्याकडे एक तरुण मुलगा येऊ लागला. आईला तो फार आवडला. तो यायच्या दिवशी ती सकाळपासून आवरून बसायची. तिने जुने फोटो काढून ठेवले, पुढच्या वेळी दाखवायला. मग त्याचं यायचं अनियमित झालं आणि एक दिवस बंदच झालं. निरोप नाही, फोन नाही. संस्थेत विचारलं तर ‘दुसरं कुणी मिळालं की कळवू’.

आई आता म्हणते, नकोच कुणी. आधी ती एकटी होती, पण तिची काही तक्रार नव्हती. आता तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आपण फार बोललो. त्यामुळे ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. अर्धवट सोबत ही काहीच नसण्यापेक्षा वाईट असते.

उंबरठा

@दिवेलागण, वाचून वाईट वाटलं. संस्थेचं वागणं अक्षम्य आहे. सोडून जावं लागतं, परीक्षा असतात, नोकऱ्या बदलतात. पण निरोप घ्यायला यायचंच आणि पुढच्या माणसाला सोबत आणून ओळख करून द्यायची, हे पहिल्या दिवशीच कबूल करून घ्यायला हवं. ज्यांना वर्षभर तरी जमणार नाही त्यांना घरोघरी पाठवूच नये. त्यांच्यासाठी दुसरी कामं असतात.

साखळी

मी घरी जाऊन रुग्णसेवा करणारी परिचारिका आहे. @रोखठोक यांचा मुद्दा मला रोज भोगावा लागतो. ‘अहो, त्यांच्याकडे तो स्वयंसेवक येतो ना, मग तुम्ही आठवड्यातून एकदाच जा,’ असं मला सांगितलं गेलं आहे. असं होता कामा नये.

पण चांगला स्वयंसेवक किती कामाचा असतो तेही सांगते. एका आजोबांबद्दल सगळ्यांचं मत झालं होतं की त्यांना विस्मरण व्हायला लागलंय, विचारलं एक की उत्तर भलतंच देतात. त्यांच्याकडे जाणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ते माझ्या ओठांकडे बघत बोलतात. श्रवणयंत्र खणात पडून होतं, बॅटरी संपलेली. इतक्या बारीक बॅटरीचं झाकण त्यांच्या थरथरत्या बोटांनी उघडत नव्हतं आणि हे सांगायची त्यांना लाज वाटत होती. यंत्र सुरू झालं आणि त्यांची उत्तरं जागेवर आली. मी त्यांचा रक्तदाब कितीदा तरी मोजला होता, पण समोर निवांत बसून बोलायला मला कधी सवडच मिळाली नव्हती.

स्वयंसेवकांना मी एवढंच शिकवते: गोळ्यांना हात लावू नका, पण डबीकडे लक्ष ठेवा. चालताना भिंत धरतात का बघा. कपडे ढिले झालेत का, कोपरावर किंवा कपाळावर जुना-नवा वळ आहे का, न उघडलेली पत्रं साठलीत का. आणि ठरलेल्या वेळी दार उघडलं नाही तर ‘झोपले असतील’ म्हणून परत फिरू नका. पडल्यावर माणूस जमिनीवर किती वेळ पडून राहिला यावर पुढचं बरंच काही ठरतं. हाड मोडलं नसलं तरी तासन् तास पडून राहिल्याने स्नायूंना इजा होते, त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो, अंगातलं पाणी आणि ऊब दोन्ही कमी होतात.

रोखठोक

@साखळी, उदाहरण बोलकं आहे. पण सुरक्षिततेबद्दल अजून कुणीच बोललेलं नाही. एकटं, वयस्क, कुणीतरी बोलायला मिळावं म्हणून आसुसलेलं माणूस, आणि त्याच्या घरात दर आठवड्याला शिरणारा परका. फसवणूक करणाऱ्याला याहून सोपी संधी नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीच्या पुढच्या दर सहा जणांमागे सुमारे एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या छळाला तोंड द्यावं लागतं. त्यात पैशांची लुबाडणूकही येते.

साखळी

बरोबर, पण छळणारी व्यक्ती पुष्कळदा घरातलीच असते. तिथे बाहेरचं माणूस नियमाने येतंय हीच गोष्ट वचक ठेवते. नियम मात्र कडक हवेत. पोलीस पडताळणी, ओळखपत्र, पहिल्या भेटींना संस्थेचं माणूस सोबत. पैसे, दागिने, बँकेचं कार्ड, सही यांना हात लावायचा नाही. भेटवस्तू घ्यायची नाही. आणि अधूनमधून संस्थेने वृद्धाला थेट फोन करून विचारायचं, स्वयंसेवकाच्या नकळत.

पैलतीर

इथे सगळे आमच्याबद्दल बोलत आहेत, म्हणून लिहितो. माझं वय ७८, एकटा राहतो. उंबरठाताई, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण माझ्या दारात कुणी ‘सोबत द्यायला’ म्हणून आलं तर मी दार लावून घेईन. मला नुसतं घेणारा व्हायचं नाही. आयुष्यभर लोक माझ्याकडे काही ना काही विचारायला यायचे. निवृत्त झालो, मग पत्नी गेली, आणि विचारणं थांबलं. मला कमी भासतं ते त्याचं.

अमेरिकेत सीनियर कम्पॅनियन नावाचा सरकारी कार्यक्रम १९७० च्या दशकापासून चालू आहे. त्यात सोबत करायला जाणारे स्वतःच ५५ वर्षांच्या पुढचे असतात, आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तासाप्रमाणे थोडं मानधनही मिळतं. म्हणजे जाणाऱ्यालाही घराबाहेर पडायला कारण मिळतं. मला हे पटतं. मला कुणाकडे पाठवा, मी जाईन. किंवा माझ्याकडे एखाद्या मुलाला गणित शिकायला पाठवा. तो माझी गोळ्यांची डबीही खुशाल बघू दे.

उंबरठा

पैलतीर, ही तुमची मागणी रास्त आहे, आणि ती उपक्रमातच बसायला हवी. पहिल्या भेटीत ‘तुम्हाला काय हवं’ एवढंच विचारलं जातं. ‘तुम्ही काय शिकवाल’ हेही विचारायला हवं. मात्र सगळ्यांनाच तुमच्यासारखं बाहेर पडता येत नाही. जे अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी कुणीतरी दारात जाणं हाच मार्ग उरतो.

आडवाट

मला मूळ गृहीतकच तपासावंसं वाटतं. ‘घरीच राहू दे’ हा हट्ट कशासाठी? आठवड्याचे १६८ तास, त्यातला एक तास स्वयंसेवक, उरलेले भिंती. त्यापेक्षा दिवसभराची केंद्रं काढा, नेण्या-आणण्याला गाडी द्या. दहा जण एकत्र बसले की त्यांच्यात आपसूक ओळखी होतात, आणि त्या कुठल्या संस्थेच्या भरवशावर नसतात. एका वृद्धामागे एक स्वयंसेवक एवढी माणसं आणणार कुठून?

दिवेलागण

@आडवाट, आई केंद्रात जाणार नाही. अनोळखी घोळक्यात तिला जास्त एकटं वाटतं. तिथे पहिल्यांदा पाऊल टाकायलाही कुणीतरी ओळखीचं बरोबर लागेलच.

पण मला दुसरं विचारायचं आहे. स्वयंसेवकाने भिंत धरून चालणं बघितलं, गोळ्या चुकलेल्या बघितल्या. ते तो कुणाला सांगणार? मुलगा म्हणून मला कळायला हवं, लगेच.

पैलतीर

नाही. आधी मला सांगावं. माझ्या समोर, माझ्याशी बोलून. मुलाला कळवायचं का, डॉक्टरला कळवायचं का, हे मी ठरवेन. शुद्धीत आहे तोवर निर्णय माझा. माझ्या पाठीमागे माझा अहवाल जायला लागला तर मी त्या माणसासमोर भिंत धरणार नाही, खुर्चीतून उठणारच नाही.

साखळी

आमच्याकडे नियम पैलतीर म्हणतात तसाच आहे. जिवाला धोका दिसला, किंवा छळाचा संशय आला, तर विचारत बसायचं नाही, लगेच जबाबदार माणसाला कळवायचं. बाकी सगळं आधी त्यांच्याशी बोलून. आणि हा नियम पहिल्याच भेटीत, वृद्ध आणि घरचे दोघांनाही एकत्र बसवून सांगायचा.

दिवेलागण

गोळ्या चुकणं हा जिवाला धोका नाही का? रक्त पातळ करणारी गोळी दोनदा घेतली गेली तर? ‘बाकी सगळं’ कुठे संपतं आणि धोका कुठे सुरू होतो, हे त्या विशीतल्या मुलाने एकट्याने ठरवायचं?

साखळी

त्याने ठरवायचं नाहीच. गोळ्यांबद्दल काहीही खटकलं की त्याच दिवशी परिचारिकेला फोन, आणि तोही आजी-आजोबांना सांगून: ‘मी नर्सताईंना विचारतो हं.’ बहुतेक जण हो म्हणतात. नाही म्हणाले तर मी स्वतः जाते.