डेंग्यूचा ताप उतरल्यानंतर कशाकडे लक्ष द्यावे?

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला डेंग्यू झाल्याचे एनएस१ चाचणीत स्पष्ट झाले. आता ताप उतरला आहे, मात्र डॉक्टरांनी ‘खरी काळजी आत्ताच घ्या’ असे बजावले आहे. माझ्या वाचनानुसार ताप साधारण २ ते ७ दिवस राहतो आणि तो उतरू लागल्यावर २४ ते ४८ तास रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) झिरपण्याचा धोका असतो. म्हणूनच नुसत्या प्लेटलेट्सच्या आकड्यावर न विसंबता हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण), रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण यांवरही लक्ष ठेवले जाते. (नातेवाईक मात्र फोनवर फक्त प्लेटलेट्सच विचारतात!) तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्तस्राव किंवा कमालीची अस्वस्थता दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठायचे, तसेच ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळायचे, हे आम्हाला ठाऊक आहे.

प्रश्न पुढचा आहे. ज्यांनी हे आजारपण जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सांगावे, की अशक्तपणा किती आठवडे टिकला, अंगावरचे खाजरे पुरळ आपोआप गेले का आणि कामावर परतण्यापूर्वी डॉक्टरांनी कोणत्या तपासण्या पुन्हा करायला सांगितल्या? विषाणूचे ४ प्रकार असल्याने डेंग्यू पुन्हा होऊ शकतो व तो अधिक गंभीर ठरू शकतो, तेव्हा त्याबाबत आपण कोणती दक्षता घेतलीत, हेही कळवावे.