शब्दचर्चा: बुडापेस्टला दिलं ते काय – हमी, आश्वासन की आणखी काही?

धागाकर्ती
सोव्हिएत संघ फुटल्यावर अमेरिकेने पूर्व युरोपात आणि मध्य आशियात जी जुळवाजुळव केली, त्यावरच्या एका व्याख्यानमालेचं मराठी करते आहे. तीन व्याख्यानं सुरळीत गेली, चौथ्यात एका शब्दापाशी गाडी रुतली.

संदर्भ असा. ५ डिसेंबर १९९४, बुडापेस्ट. अमेरिकेचे क्लिंटन, रशियाचे येल्त्सिन, ब्रिटनचे जॉन मेजर आणि युक्रेनचे कुचमा एका कागदावर सह्या करतात. युक्रेनच्या भूमीवर सुमारे १,९०० लांब पल्ल्याची सोव्हिएत अण्वस्त्रं राहिलेली. ती रशियाकडे रवाना करायची आणि अण्वस्त्रप्रसारबंदी करारात यायचं. बदल्यात बाकीच्या तिघांनी युक्रेनच्या सीमा मानायच्या, त्याच्यावर बळ वापरायचं नाही, आर्थिक नाड्या आवळायच्या नाहीत. बेलारूस आणि कझाकस्तानलाही त्याच दिवशी तसेच कागद मिळाले.

इंग्रजी शीर्षकात ‘सिक्युरिटी अ‍ॅशुरन्सेस’ आहे. मी लिहिलं ‘सुरक्षेची हमी’. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी लाल शाईने ‘आश्वासन’ केलं. मी पुन्हा हमी, त्यांनी पुन्हा आश्वासन. आता तुम्हीच निवाडा करा.

एक वाचक
हमीच. पेपरात तेच येतं.

रोहयोवाला (निवृत्त)
पेपरात येतं म्हणून बरोबर, असं नको. माझी उभी नोकरी ‘हमी’ या शब्दावर गेली, म्हणून बोलतो. १९७७च्या आपल्या रोजगार हमी कायद्यात मजुराने काम मागितलं आणि १५ दिवसांत मिळालं नाही, तर बेकारभत्ता देणं सरकारवर बंधनकारक. भत्ता चिमूटभर होता, तोही रडतखडत मिळायचा, ते सोडा. पण ‘नाही तर काय?’ याचं उत्तर कायद्यातच लिहिलेलं होतं. हमीभावाचंही तसंच. व्यापाऱ्याने नाही घेतलं तर सरकारने घ्यायचं. सरकार खरेदी केंद्र उघडत नाही तेव्हा शेतकरी म्हणतो, ‘कसली हमी घेऊन बसलात?’ म्हणजे शब्दाकडून त्याची अपेक्षा पक्की आहे.

ताई, तुमच्या कागदात ‘नाही तर काय?’ याचं उत्तर आहे का? असेल तर हमी.

धागाकर्ती
आत्ता पुन्हा वाचला. दोन गोष्टी सापडल्या. अण्वस्त्र वापरून आक्रमण झालं किंवा तशी धमकी आली, तर सुरक्षा परिषदेत दाद मागायची. आणि या वचनांबद्दल प्रश्न उभा राहिला तर सल्लामसलत करायची. बस.

रोहयोवाला (निवृत्त)
म्हणजे भत्ता नाहीच.

खारकिव्हहून परत
मी तिकडे मेडिकलला होतो, २०२२मध्ये शिक्षण अर्धवट टाकून आलो. एक गंमत सांगतो. गंमत म्हणवत नाही खरं तर. या कागदाच्या युक्रेनियन प्रतीत शब्द आहे ‘हारांतिया’, रशियन प्रतीत ‘गरांतिया’. आपली ‘गॅरंटी’च ती. होस्टेलसाठी आम्ही इलेक्ट्रिक किटली घेतली, तिच्या डब्यातल्या कार्डावर हाच शब्द होता. तिन्ही भाषांतल्या प्रती सारख्याच वैध आहेत, तसं कागदातच लिहिलंय. मग युक्रेनच्या माणसाने वाचली ती गॅरंटी आणि अमेरिकेने सही केली ती अ‍ॅशुरन्सवर. मराठीने इंग्रजीचंच का ऐकायचं?

काळा कोट
रास्त प्रश्न. पण हा फरक नजरचुकीने पडलेला नाही. अमेरिकी वाटाघाटीकारांना तो माहीत होता. त्यांच्या लेखी ‘गॅरंटी’ म्हणजे नाटोच्या सदस्यांना असते तशी, प्रसंगी फौज पाठवण्याची बांधिलकी. ती त्यांना द्यायचीच नव्हती. म्हणून युक्रेनियन आणि रशियन मजकुरातला ‘गॅरंटी’ हा शब्द इंग्रजी ‘अ‍ॅशुरन्स’च्या अर्थाने घ्यायचा, अशी रीतसर नोंद त्यांनी वाटाघाटींच्या वेळीच करून ठेवली. दुकानदार बिल फाडताना म्हणतो ना, ‘साहेब, गॅरंटी नाही, वॉरंटी आहे’, तसं. गिऱ्हाईक घरी येऊन सांगतं, गॅरंटीचं घेतलं!

शिवाय कागदाची जात बघा. अमेरिकेत तहाला सिनेटची दोनतृतीयांश मतं लागतात. नाटोचा करार १९४९मध्ये ८२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. हा कागद तिकडे गेलाच नाही. तो ‘मेमोरँडम’. याला तुम्ही मराठीत काय केलंत, ताई?

धागाकर्ती
‘बुडापेस्ट करार’. आता भीती वाटायला लागली आहे.

काळा कोट
वाटायलाच हवी. :) पण पर्याय तरी कुठे धड आहेत? ‘निवेदन’ म्हणावं तर मोर्चा नेऊन कलेक्टरला देतात ते. ‘सामंजस्य करार’ म्हणावं तर दावोसची फोटोसहित बातमी. ‘ज्ञापन’ सरकारी फायलीबाहेर कोणी उच्चारत नाही, आणि ‘मेमो’ मिळाला की घाम फुटतो. मी ‘मेमोरँडम’च ठेवीन.

बखरवाचक
वकीलसाहेबांनी तह काढलाच आहे तर जुना शब्द सुचवतो: जामीन. १७८२चा सालबाईचा तह पेशवे आणि इंग्रज यांच्यात झाला आणि महादजी शिंदे दोघांनाही जामीन राहिले. जो पक्ष तह मोडील त्याच्याविरुद्ध दुसऱ्याच्या बाजूने उभं राहायचं, अशी जबाबदारी त्यांनी पत्करली होती. रोहयोवाल्या काकांच्या ‘नाही तर काय?’चं हे उत्तर. बुडापेस्टला असं कोणीच जामीन राहिलं नाही. उलट वचन देणाऱ्या तिघांतल्या एकाने, रशियानेच, २०१४मध्ये क्रिमिया घेतला.

त्या वर्षी ५ मार्चला पॅरिसमध्ये याच कागदाखाली सल्लामसलतीची बैठक झाली. अमेरिका, ब्रिटन, युक्रेन हजर. रशियाचे परराष्ट्रमंत्री त्या दिवशी पॅरिसमध्येच होते, पण बैठकीला आले नाहीत.

स्पष्टवक्ता
कशाला शब्दांचा कीस पाडताय? अमेरिका करते ती तैनाती फौज. वसईचा तह आठवा. नाटो म्हणजे तेच, मराठीत तोच शब्द वापरा.

बखरवाचक
वसईच्या तहाने (१८०२) दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजी फौजेच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला आणि परराज्यांशी परस्पर बोलणी करण्याचा हक्क सोडला. फ्रान्सने १९६६मध्ये नाटोच्या लष्करी रचनेतून अंग काढून घेतलं आणि परदेशी फौजांना देशाबाहेर जायला सांगितलं. त्या गेल्या. बाजीरावाला असं सांगता आलं असतं का? शब्द खमंग आहे, पण इथे बसत नाही.

काळा कोट
आणि नाटोचीही हमी किती घट्ट, ते पाहून घ्या. पाचव्या कलमात एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला, असं आहे खरं, पण पुढे प्रत्येकाने काय करायचं? तर त्याला ‘आवश्यक वाटेल ती’ कृती, सशस्त्र बळाच्या वापरासह. ‘वाटेल’ हे क्रियापद फार मोठं काम करतंय तिथे.

धागाकर्ती
म्हणजे हमी बाद आणि ‘गॅरंटी’ हा निम्मा इतिहास. पण काकांचं ‘आश्वासन’ अजून घशाखाली उतरत नाही. मराठीत ‘आश्वासन दिलं’ म्हटलं की ‘आणि पाळलं नाही’ हे आपण मनातल्या मनात जोडूनच वाचतो. मंत्र्यांच्या बातमीमुळे शब्दाला तो वास लागलाय. १९९४च्या कागदाला आश्वासन म्हणणं म्हणजे २०१४ची निराशा वीस वर्षं आधीच वाचकाच्या हातात ठेवणं.

लाल शाई
तो काका मीच. नातवाने हा धागा दाखवला.

ताई, वास मलाही येतो. पण ‘श्वास’ त्याच शब्दात आहे. आश्वासन म्हणजे घाबरलेल्याचा जीव जागेवर येईल असं काही बोलणं, धीर देणं. बुडापेस्टला नेमकं तेच झालं असं तुमचंच भाषांतर वाचून माझं मत झालं, म्हणून शाई लावली. तुम्हाला वास नकोच असेल तर ‘ग्वाही’ घ्या. ग्वाही देणारा साक्षीदार असतो. जे आहे ते आहे म्हणून सांगतो, पण पुढचं अंगावर घेत नाही.

रोहयोवाला (निवृत्त)
ग्वाहीला +१. भत्ता देत नाही आणि देईन असं म्हणतही नाही.

खारकिव्हहून परत
माझा विरोध नोंदवून ठेवा. ग्वाही घ्या, पण युक्रेनियन प्रतीत गॅरंटी होतं हे पानाखाली तरी येऊ द्या. आमचे घरमालक आजोबा पंचाहत्तरीचे होते. ते या कागदाचा विषय काढायचे तेव्हा ‘हारांतिया’च म्हणायचे.

धागाकर्ती
पानाखाली नाही, मजकुरातच घेते. शीर्षक: ‘बुडापेस्ट मेमोरँडम: सुरक्षेची ग्वाही’. आणि पहिलाच परिच्छेद तिन्ही भाषांतल्या शब्दांवर. काका, उद्या मुद्रित पाठवते.

लाल शाई
पाठवा. पण पान ४१वर तुम्ही ‘दोस्त राष्ट्रे’ हे पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकेला लावलंय. तेव्हा ती स्वतःला ‘अलाइड’ नव्हे, ‘असोसिएटेड’ म्हणवत होती. त्यासाठी वेगळा धागा काढा.