मिलरच्या फ्लास्कमधला चुना

‘आदिम पृथ्वीवर मिथेन-अमोनिया नव्हतेच, म्हणजे मिलरचा प्रयोग फसला, म्हणून सृष्टी देवानेच घडवली’ असा मुद्दा काही जण मांडतात, तो पटत नाही. १९५३ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅनली मिलरने आदिम पृथ्वीची हवा म्हणून मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि उकळत्या पाण्याच्या वाफेत आठवडाभर विजेच्या ठिणग्या पाडल्या, प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं मिळाली. त्याऐवजी नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेतले की अमिनो आम्लांचा उतारा अगदीच पडतो, हे खरं. पण का? ठिणगीतून नायट्राइट (नायट्रोजन-ऑक्सिजनची संयुगं) तयार होतात, पाणी आंबट होतं आणि झालेली अमिनो आम्लं तपासणीआधीच नासतात. २००८ साली संशोधकांनी पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, टाकून आंबटपणा रोखला, ऑक्सिडेशन थांबवणारा पदार्थही घातला, तेव्हा उतारा कितीतरी पट वाढला. आपल्याकडच्या गुऱ्हाळात रस आंबट असला की काहिलीत चुन्याची निवळी सोडतात, नाहीतर ढेप बसत नाही. तसंच हे. आदिम समुद्रात हे काम कार्बोनेट खनिजं आणि विरघळलेलं लोह करू शकत होतं.

मात्र अमिनो आम्लं म्हणजे जीव नव्हे. स्वतःची नक्कल करणारा रेणू कसा झाला, हे अजून सुटलेलं नाही. आणि ऋग्वेदातलं सृष्टीच्या उगमाबद्दलचं नासदीय सूक्त (१०.१२९) तरी ठाम उत्तर कुठे देतं? ‘को अद्धा वेद’, नक्की कोण जाणतो, असं ते विचारतं.